‘टाकलं’ या एका शब्दापायी

“व्हय, ॲसिड म्याच टाकलं. दुसऱ्या कुणाचा दोष नाय.”

ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर बसलेल्या म्हाताऱ्याचं हे वाक्य मी दारातूनच ऐकलं. तो दिवस अजून मनातून गेलेला नाही. पुढे मी पोलीस खातं सोडलं. पण तेव्हा मी शेंद्र्याकडच्या एका ठाण्यात नवीन फौजदार होते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठीत चूक होईल या भीतीने शक्यतो गप्पच राहायचे.

शेजाऱ्याचा फोन आला होता: सासऱ्याने सुनेवर कॅनमधून ॲसिड टाकलं. सून दवाखान्यात होती. हवालदार जबाब लिहीत होते.

“का टाकलं?”

“कमी झालं व्हतं.”

“काय कमी झालं? हुंडा?”

म्हातारा रडायलाच लागला. त्याचे तळहात लालभडक झाले होते. रागाने ॲसिड फेकणाऱ्याचे दोन्ही तळहात कसे भाजतील?

पंचनाम्याला घरी गेलो. अंगणात जुन्या मोपेडची केलेली, बॅटरीवर चालणारी तीनचाकी गाडी उभी होती. सुनेचा एक पाय लहानपणापासून अधू. तिला कंपनीत जाता यावं म्हणून सासऱ्याने ती स्वतः जोडली होती. पाठ टेकायला उशीही शिवली होती. सीटखालच्या जुन्या बॅटऱ्यांना पेटी नव्हती, नुसती दोरी. बुचं सैल, ॲसिड काठोकाठ. सीटचा फोम खालच्या बाजूने जळालेला. आणि शेजाऱ्याने पाहिलेल्या त्या कॅनमध्ये ॲसिड नव्हे, बॅटरीत घालायचं पाणी निघालं.

दवाखान्यात सून पालथी झोपली होती. भाजलं होतं ते मांड्यांना, मागून.

“दारातल्याच खड्ड्यात गाडी उसळली अन् खालून आग लागल्यावानी झालं,” ती म्हणाली. “मामांनी हाताला लागंल ते पाणी ओतलं, कपडे ओढून काढले. त्यांचे हात बघितले का वो कुणी, मॅडम?”

बघितले होते. मी बोलले मात्र नव्हते.

बॅटरी पेटीत घट्ट बसवावी, ॲसिड खुणेच्या वर जाऊ देऊ नये, हे त्या म्हाताऱ्याला कुणी सांगितलं नव्हतं; बॅटरीत ‘कमी झालं’ म्हणून त्याने ते काठोकाठ भरलं होतं. आणि जबाबातल्या एका क्रियापदाने माणूस तुरुंगात जाऊ शकतो, हे तोवर मला उमगलं नव्हतं. ठाण्यात परतलो तेव्हा हवालदार अंगठ्यासाठी शाईचं पॅड उघडत होते. म्हाताऱ्याने तो भाजलेला हात पुढे केला.

“थांबा,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. “पुरवणी जबाब घ्या. सुनेवर ‘टाकलं’ नाही, बॅटरीत ‘भरलं’, असं लिहा. आणि तेही नंतर. आधी आजोबांना दवाखान्यात न्या, त्यांची सून वाट बघतेय.”