काशीत सोडलेलं

माझे वडील काशीला गेले तेव्हा त्यांनी कारलं सोडलं. काशीला जाणाऱ्या माणसानं आवडीची एक वस्तू तिथं जन्मभरासाठी सोडून यायची, अशी आमच्याकडे रीत आहे. वडिलांना कारलं मुळीच आवडत नव्हतं. आई कारल्याची भाजी करायची तेव्हा ते फोडी उचलून माझ्या ताटात टाकायचे. पण देवाला इतकं स्वस्तात गुंडाळल्याची थोडी चुटपुट लागली असावी, कारण त्यांनी आणखी एक वस्तू सोडली. ती म्हणजे संत्रं. स्वतःच्या नावानं नाही, माझ्या नावानं. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते असं.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि चांदूर बाजारकडे आमचा संत्र्याचा बगीचा होता. त्या वर्षी धाकटा भाऊ तापानं मरता मरता वाचला. पोरगा वाचला तर काशी करीन असं वडील बोलले होते, म्हणून गेले. परत आल्यावर त्यांनी मला मांडीवर बसवलं, कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाले, "लेकराच्या नावानं सोडलेलं देवाले लवकर पोचते. तुले संत्रं लय आवडते ना, म्हणून तेच सोडलं. आता तुह्या भावाले काही होत नाही."

"अन् मी खाल्लं तं?"

फक्त अंगणात खेळणाऱ्या भावाकडे त्यांनी पाहिलं. ते पाहणं मी आजवर विसरलेले नाही आणि त्यांना माफही केलेलं नाही.

बगीचा तुटायचा, म्हणजे फळांची तोड व्हायची, तेव्हा घरातली सगळी माणसं झाडाखालच्या ढिगापाशी बसून माल निवडायची. मीही बसायचे. मोठं फळ इकडे, बारीक तिकडे, डागी बाजूला. हातांना दिवसभर वास यायचा. भाऊ माझ्यासमोर बसून एकामागून एक संत्री सोलायचा आणि साली माझ्या परकरावर फेकायचा. त्याचा काही दोष नव्हता, सहा वर्षांचं पोर ते. तरी मला तो तेव्हा डोळ्यांसमोर नको व्हायचा.

अकरा वर्षांची असताना एकदा मी तणसाच्या ढिगामागे जाऊन एक फोड खाल्ली. एकच. दुसऱ्या दिवशी भाऊ ट्रॅक्टरवरून पडला आणि त्याचा हात मोडला. मी विहिरीपाशी जाऊन ओकले. घरात कुणाला सांगायची हिंमत नव्हती. आठवडाभरानं वडिलांना एवढंच विचारलं की बाबा, माझं संत्रं परत नाही का घेता येत? ते हसले. "काशीत सोडलेलं माघारी येत नाही, बाई."

मी शिकले, नोकरीला लागले, लग्न होऊन अकोल्याला आले. देवबिव सगळं अंगावरून गळून पडलं, पण संत्रं काही तोंडात गेलं नाही. सासूबाईंना ते फार कौतुकाचं वाटायचं. चारचौघींत सांगायच्या, बापाचा शब्द पाळते आमची सून. मी नुसती हसायचे आणि मनात बापाला शिव्या द्यायचे.

लेकरांना देवधर्म शिकवू नये असं माझं म्हणणं नाही. आईनं मला तुळशीला पाणी घालायला शिकवलं, ते मी आजही घालते, आणि न घातल्यानं कुणी मरेल असं तिनं मला कधी सांगितलं नाही. पण लेकराच्या तोंडचा घास काढायचा आणि वर त्याच घासावर घरातल्या माणसाचा जीव टांगून ठेवायचा, हा कुठला धर्म?

आई गेली, वडील अमरावतीला भावाकडे राहू लागले. गेल्या वर्षी भावाच्या घराचं बांधकाम निघालं आणि त्यांचा मोतीबिंदूही पिकला, म्हणून मी त्यांना अकोल्याला आणलं. ऑपरेशन झालं. मी डोळ्यात थेंब घालत होते, पथ्य सांभाळत होते, दिवसातून पाच वेळा आल्याचा चहा देत होते. चहा म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

श्रावणातल्या एका सोमवारी माझी दहा वर्षांची लेक शाळेतून आली. डबा तसाच भरलेला. चेहरा उतरलेला.

"आबाजी म्हणाले, मी सोमवार धरले तर त्यांचा डोळा लवकर चांगला होईल."

"आणि नाही धरले तर?"

ती आबाजींच्या खोलीकडे बघत राहिली. त्यांनी सकाळी दोन प्लेट पोहे खाल्ले होते. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. मी लेकीला समोर बसवून वरणभात भरवला, पण वडिलांना एका शब्दानं बोलले नाही. भांडून त्यांना काय कळणार होतं? त्यांना जसं कळेल तसंच कळवायचं मी ठरवलं.

पुढच्या महिन्यात माझ्या नोकरीचं चार दिवसांचं प्रशिक्षण नेमकं वाराणसीला निघालं. मी घाटाचं तोंडही पाहिलं नाही. निघताना स्टेशनवर गंगाजलाची तोंड झाळून बंद केलेली लोटी तेवढी विकत घेतली. घरी आल्यावर वडिलांच्या आणि लेकीच्या देखत ती देवापुढे ठेवली आणि म्हटलं, "बाबा, काशीत तुमच्या नावानं चहा सोडून आली. नातीच्या तब्येतीसाठी. तुमाले लय आवडते ना, म्हणून तेच सोडलं."

त्यांचा चेहरा पाहायला मी छत्तीस वर्षं थांबले होते. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

त्यांनी चहा बंद केला. चार वाजले की खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दाराशी बसायचे. मी माझा चहा मुद्दाम आलं ठेचून करायचे आणि त्यांच्यासमोर उभी राहून प्यायचे. पंधराव्या दिवशी त्यांनी हळूच विचारलं, "यावर काही उपाय असते काय वं? कोण्या महाराजाले विचारून?"

"काशीत सोडलेलं माघारी येत नाही, बाबा."

मला वाटलं, फिटलं. पण त्याच आठवड्यात लेकीला ताप आला. साधाच, शाळेत साथ होती. दुपारी मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. तिनं डोळे उघडले आणि कुजबुजली, "आई, आबाजींनी चहा तर नाही ना पिला?"

सूड बापावर उगवायला गेले आणि तणसाच्या ढिगामागे लेकीला नेऊन बसवलं.

मी वडिलांना खोलीत बोलावलं. त्यांच्या हातात चहाचा कप ठेवला आणि दोघांसमोर सांगितलं की मी घाटावर गेलेच नव्हते, काही सोडलेलं नाही, सगळं खोटं आहे.

वडिलांनी कप खाली ठेवला. "मले बरं वाटावं म्हणून बोलून राहिली तू."

"नाही बाबा. तुमाले बरं वाटावं म्हणून मी काहीच नाही केलं."

त्यांचा विश्वास बसेना. लेक माझ्याकडे आणि कपाकडे आळीपाळीनं बघत होती. भावानं पाठवलेल्या संत्र्यांची पेटी दाराशी पडली होती, दर वर्षी पाठवतो. मी त्यातलं एक आणलं, त्यांच्यापुढे सोललं आणि फोड तोंडात घातली. रस सुटला, पण गिळवेना. चांगली पंचेचाळीस वर्षांची बाई मी, फोड तोंडात धरून भावाला फोन लावला. वडिलांना सगळं ऐकू जावं म्हणून स्पीकर सुरू केला. चार वेळा रिंग वाजली. ती वाजत असताना मी वडिलांच्याच डोळ्यांत बघत होते.

"काय वं बाई, काहून फोन केला?" भाऊ म्हणाला. मागे मिस्त्रीची ठोकठोक ऐकू येत होती.

तेव्हा कुठे मी फोड गिळली. "काही नाही. ठीक आहेस ना?"

"मले काय होते?"

वडिलांनी मान खाली घातली. फोन ठेवून मी दुसरी फोड लेकीला दिली आणि तिसरी त्यांच्या हातावर ठेवली.

"खा," मी म्हटलं. "तुमी तं कारलं सोडलं होतं."