उजव्या हातानं घेतलेला पदर

गेल्या वर्षी आमच्या भागातल्या ज्येष्ठांच्या मंडळानं माझा सत्कार केला. कारण काय, तर स्मृतिभ्रंश झालेल्या पत्नीची मी निष्ठेनं केलेली सेवा. तिला बाहेर नेणं अवघड, म्हणून मंडळच घरी आलं. सोलापुरात सत्कार म्हटला की चादर आलीच. अध्यक्षांनी एक माझ्या खांद्यावर घातली, टाळ्या झाल्या. मग वहिनींचाही मान ठेवावा म्हणून त्यांनी दुसरी तिच्या खांद्यांवर टाकली. तिनं डाव्या हातानं अध्यक्षांच्या थोबाडीत मारली.

चिडायचं सोडून सगळे माझ्याकडंच हळहळून बघायला लागले. "कंपाउंडरसाहेब, किती सोसताय हो!" अध्यक्ष गाल चोळत म्हणाले. मी खाली बघितलं. लोकांना तो विनय वाटला.

मी अडतीस वर्षं एका डॉक्टरांकडं कंपाउंडर होतो. खिडकीतून विचारायचं, "कुठं दुखतंय?" पेशंट बोट ठेवील तिथली गोळी कागदात बांधून द्यायची. जो दुखतंय म्हणत नाही, त्याला दुखत नाही, इतकं सोपं शास्त्र. अर्ध्या पेठेच्या गुडघ्यांची मला माहिती होती.

बायकोला संध्याकाळ झाली की वैरागला जायचं असे. माहेर तिथलं. पिशवीत दोन चमचे आणि उशीचा अभ्रा भरून ती दाराशी उभी राही. मेंदूच्या डॉक्टरांनी त्यासाठी शांत राहायची अर्धी गोळी दिली होती. अर्ध्या गोळीनं ती पिशवी खाली ठेवायची, पण दार सोडायची नाही. मी पूर्ण गोळी द्यायला लागलो. कोणाला विचारलं नाही. अडतीस वर्षांचा अनुभव होता ना.

सत्काराच्या दोनेक महिने आधी एका सकाळी ती मोरीच्या उंबऱ्यापाशी खाली दिसली. उजवा हात अंगाखाली होता. उठवून विचारलं, "लागलं का गं?"

"न्हाय," ती म्हणाली.

तिच्या औषधांची मी वही ठेवतो. त्या दिवशी मी लिहिलं: 'मोरीजवळ बसलेली आढळली.' पडली असं लिहिलं असतं तर का पडली हे आलं असतं, आणि मग ती गोळी आली असती. पुढं आठवड्याभरात अंघोळ म्हणजे मारामारी झाली. पोलक्याची बाही चढवताना ती किंचाळायची, चावायची. रोज विचारायचो, दुखतंय का? रोज न्हाय. डॉक्टरांना फोनवर सांगितलं की चिडचिड वाढलीय. त्यांनी विचारलं, "काका, पडल्याबिडल्या नाहीत ना?"

"छे हो," मी म्हणालो.

माझ्या शब्दावर त्यांनी सकाळीही गोळी सुरू केली. ती गप्प झाली. मी वहीत 'शांत' लिहायला लागलो, पानामागून पान.

आणखी एक नोंद आहे. दाराशी कोणी आलं की डोक्यावर पदर घ्यायचा, ही तिची लग्नापासूनची सवय. माझं नाव विसरली, मुलाचं विसरली, पण बेल वाजली की उजवा हात आपोआप वर जायचा. तोही थांबला. मी लिहिलं: 'पदराचं भान राहिलं नाही. आजार पुढं सरकला.' सत्काराच्या दिवशी पाहुण्यांसमोर ती उघड्या डोक्यानं बसली म्हणून मी त्यांची माफीसुद्धा मागितली.

नंतर महिन्यानं वैरागहून तिची धाकटी बहीण राहायला आली. पहिल्या दिवशी अंघोळीला हाताशी थांबली आणि ओला हात पुसत बाहेर आली.

"दाजी, अक्काचा खांदा दुखतोय की ओ."

"विचारलंय मी. रोज विचारतो. नाही म्हणते."

"ती कवा व्हय म्हणलीया? पोरगा झाला तवा तरी म्हणली व्हती का?"

"मग ओळखायचं कसं?"

"त्वांड बघा की तिचं! हात वर केला की कपाळ कसं आवळतंय. एवढी वर्सं लोकांना गोळ्या वाटल्या, आन घरात आंधळं झाला व्हय?"

"तिला पदराचंही भान नाही गं आता."

"भान हाय. हात न्हाय."

दुसऱ्या दिवशी वही घेऊन डॉक्टरांकडं गेलो. बायकोचं दुखणं थांबवायचं तर पूर्ण गोळीचं आणि पडल्याचं सांगणं भाग होतं. दोन्ही सांगितलं. फोटो काढला. खांद्याजवळच्या हाडाला तडा जाऊन तो आपला आपण वेडावाकडा जुळला होता. डॉक्टर वहीतली 'शांत'ची पानं उलटत राहिले. मग एवढंच विचारलं, "काका, तुम्ही कंपाउंडर होता ना?"

शांत राहायची गोळी त्यांनी टप्प्याटप्प्यानं कमी केली. दुखण्याची साधी गोळी ठरल्या वेळेला सुरू झाली. ती मागेल तेव्हा द्यायची नाही, कारण ती मागणार नाही. त्यातली एक अंघोळीच्या आधी तासभर. मेव्हणीनं पोलकी पुढून उघडी शिवून घेतली आणि दुखरा हात बाहीत आधी घालायला मला शिकवलं. आता मी दुखतंय का विचारत नाही. कपाळ बघतो. ती पुन्हा ओरडते, संध्याकाळी पुन्हा वैरागला निघते. मी पिशवी धरून गल्लीच्या टोकापर्यंत जातो, परत येतो. ती आता शांत नाही, हे मी बरी बातमी म्हणून सांगतोय.

परवा अध्यक्ष मंडळाची स्मरणिका द्यायला आले. त्यात माझ्यावर एक पान आहे, चादरीसह. मी त्यांना गोळीचं, मोरीचं, सगळं सांगितलं. त्यांनी चहा संपवला. "असू द्या हो. आता छापून झालंय," म्हणाले, आणि खुर्ची तिच्यापासून थोडी लांब सरकवली.

ते छापून झालंय, म्हणून हे लिहिलं. स्मरणिका ज्यांच्या घरी गेली आहे, त्यांनी तेवढं पान दुरुस्त करून वाचावं.

एक राहिलं. अध्यक्ष आले तेव्हा बेल वाजली होती. तिचा उजवा हात उठला, पदर धरून कानापर्यंत आला आणि अडकला. कपाळ आवळलं. मी हात हळूच खाली घेतला आणि पदर पुढं ओढून दिला. वहीत लिहिलं: 'उजवा हात, कानापर्यंत. पुढं दुखतं.'