अण्णांनी मुरवलेला गहू

गिरणीत ताईचं तोंड सदा चालू असे, पण बोलण्यासाठी नव्हे. गव्हाचा दाणा दाढेखाली धरायचा, कटकन फोडायचा आणि गहू कोरडा की दमट, जुना की नवा, ते सांगायचं. "लग्नाला हो म्हणण्याआधी हिनं नवऱ्यालासुद्धा चावून बघितलं असणार," असं दादा म्हणायचा. दादा तिचा थोरला भाऊ. गिरणीतले हिशेब आणि टोमणे ही दोन्ही खाती त्याच्याकडे.

गिरणी अण्णांची, म्हणजे या दोघांच्या वडिलांची. तिथं रीत अशी, की आधी गहू दळायचा आणि मग पीठ चाळून कोंडा काढायचा. ताईला ते पटायचं नाही. "टरफलांसकट शेंगा कुटायच्या आणि मग टरफलं वेचत बसायचं, हा कुठला शहाणपणा? आधी साल काढा, मग दळा!" असं वर्षभर डोकं खाऊन तिनं अण्णांना एक यंत्र घ्यायला लावलं होतं. आडव्या पिंपासारखं धूड, आत खरखरीत दगडाची चाकं, भोवती जाळी. आत दाणे घासले जायचे, साल भुशासारखी सुटून नळीतून पोत्यात जायची. सगळे त्याला 'सोलणी' म्हणत. दादा म्हणे, नाकापेक्षा मोती जड.

सोलणीच्या पिठाला अजून एकही मोठं गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. आज बेकरीवाले काका स्वतः बघायला आले होते. त्यांना पटलं तर सोलणी राहणार. नाही पटलं तर दादानं ती विकायला माणूस हेरून ठेवला होता, आणि ताईच्या हाती पुन्हा पोती शिवायचा दाभण येणार होता.

काका खुर्चीत बसले. प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करायचा, हा त्यांचा नेम. "हं-खर्रर्र... करा सुरू. भट्टी सोडून आलोय."

काकांनी आपला गहू आदल्या दिवशीच पाठवून दिला होता. ताईनं सोलणीवरच्या हौदाचं झाकण काढलं आणि आत हात घातला. गहू गार लागला. तिनं दाणा दाढेखाली धरला. कट झालं नाही. दाणा नुसता चेपला.

"रात्रीच पाणी मारून ठेवलं," अण्णा मागून कौतुकानं म्हणाले. "काय मुरलाय बघ! तेवढंच तुझं काम हलकं. कळलं?"

कळलं होतं. जुन्या रीतीनं दळायचं तर गहू रात्रभर मुरवायचा, यात अण्णांचा जन्म गेला होता. सोलणीचं मात्र उलटं. नुसती साल ओली व्हायला हवी. चहाला उकळी येईपर्यंत थांबायचं, की लगेच गहू आत. जास्त थांबलं की पाणी गाभ्यात शिरतं, दाणा मऊ पडतो आणि साल सुटायचं नाव घेत नाही. हे ताईनं अण्णांना कितीदा तरी सांगितलं होतं. अण्णा दर वेळी मान डोलवायचे.

आता काय करावं? गिऱ्हाइकासमोर बापाची चूक काढायची, की हा गहू आत सोडून सोलणीचाच गळा घोटायचा?

"काका, हा गहू आज नको," ती म्हणाली. "पाणी जास्त झालंय."

"हं-खर्रर्र... कोणी घातलं?"

अण्णा छताकडे बघू लागले, जणू पाणी तिथूनच गळालं होतं.

"माझं चुकलं," ताई म्हणाली.

"मी म्हणत नव्हतो?" दादाला आयतंच कोलीत मिळालं. "आता काकांना काय हात हलवत परत पाठवायचं? गहू काय साखर आहे विरघळायला?" आणि ताई नको नको म्हणत असताना त्यानं बटण दाबून हौदाची झडप उघडली.

सोलणी आधी सर्रर्र बोलली. मग घर्रर्र. मग गळ्यात घास अडकलेल्या माणसासारखी घुक, घुक, घुक. पट्ट्याला करपल्याचा वास सुटला. ताईनं झेप घेऊन यंत्र बंद केलं. झाकण काढलं तर जाळीला चिकट खळ बसलेली, भिंतीवर कागद डकवावेत अशी.

काका उठले. "हं-खर्रर्र... येतो मी." दारापर्यंत पोचलेसुद्धा.

"थांबा हो," अण्णा म्हणाले. आवाज एवढासा. "पाणी मी घातलं. पोरीनं दहादा बजावलं होतं. मी माझंच खरं केलं."

काका उंबऱ्यात वळले. "हं-खर्रर्र... म्हणजे हिनं पाणी घातलं की काय होतं, ते मी बघितलंच नाही की!"

दादाला जाळी खरवडायला बसवलं. जाळी लखलखीत झाल्यावर ताईनं गिरणीतलाच कोरडा गहू घेतला, झारीनं पाणी शिंपडलं, दोन्ही हातांनी खालवर केला. मग थांबली. अण्णांचा हात सवयीनं झारीकडे गेला, तो काकांनी नुसत्या खाकरण्यानं मागे घ्यायला लावला. ताईनं दाणा चावला. साल लवली, गाभा कट बोलला.

सर्रर्र. आणि सर्रर्रच राहिली. खाली पांढुरके, उघडे दाणे पडू लागले. ते दळून झाल्यावर ताईनं लाकडी फळीवर हे पीठ आणि शेजारी जुन्या रीतीचं पीठ थापलं आणि फळी अलगद पाण्यात बुडवून वर काढली. ओल्या पिठात कोंडा लपत नाही. जुन्या पिठावर तीळ पेरल्यासारखे ठिपके उमटले. काकांनी चष्मा नाकावर ओढला आणि सोलणीच्या पिठाच्या थापीवर वाकले. ती जवळजवळ कोरी होती.

"हं-खर्रर्र..."

वाक्य काही येईना. दादानंसुद्धा मान पुढे काढली.

"पाठवा पीठ," काका म्हणाले. "पण अट आहे. पाणी हिनंच घालायचं."

"मला काय हौस आलीय!" अण्णा फणकारले, आणि झारी उचलून ताईच्या हातात कोंबली.