उंट कुणाला म्हणायचं

रतीबाला अरबीतलं पहिलं अक्षर, साधं अलिफही काढता येत नव्हतं, पण इजिप्तमधल्या केनाच्या आसपासच्या गावांत कुठंही मयत झालं की बोलावणं तिलाच यायचं. विलाप सांगणारी बाई ती. काळे कपडे घातलेल्या बायका जमिनीवर गोल करून बसायच्या. रतीबा एक ओळ टाकायची आणि बायका गालांवर हात मारत ती उचलायच्या. ओळ उचलली गेली नाही, तर ती तिथंच मेली आणि सांगणारीची अब्रूही गेली. तीस वर्षांत रतीबाची एकही ओळ खाली पडली नव्हती.

कुणाला काय म्हणायचं, हे मावशीनं तिच्याकडून घोटून घेतलं होतं. म्हातारा गेला तर खजुराचं झाड कोसळलं. तरणाताठा गेला तर सिंह. बिनलग्नाची पोर गेली तर हरिणी. लेकुरवाळी गेली तर गुलाब, फार तर चंद्र. आणि घरचा कर्ता गेला की बायको हंबरडा फोडणार, "माझा उंट गेला!" बाईला मात्र आजवर कुणी उंट म्हटलं नव्हतं.

मग शफीका गेली. रतीबाची जिवाभावाची मैत्रीण, वय अवघं पस्तीस. कालव्याचं पाणी तिनं आणायचं, उसाच्या मोळ्या तिनं वाहायच्या, भाकरीच्या भट्टीसमोर भाजून निघायचं तिनंच, पाच लेकरंही तिच्याच गळ्यात. आणि नवरा खलाफ? त्याची पाठ दुखायची. चहाच्या दुकानात दिवसभर डॉमिनो खेळताना मात्र मेल्याची पाठ कधी दुखली नाही! डोक्यावर मोळी असतानाच शफीका बांधावर खाली बसली, ती पुन्हा उठलीच नाही.

रतीबा गोलात बसली. सवयीनं जिभेवर गुलाब आला होता, तो तिनं गिळला.

"उंट गेला गं, घरचा उंट गेला! ओझं आता कुणाच्या पाठीवर?"

ओळ कुणीच उचलली नाही. बाहेर मांडवात पुरुष कडू कॉफी पीत बसले होते, त्यांनी ऐकलं. खलाफचा धाकटा भाऊ शहात तरातरा उंबऱ्याशी आला. तो शाळेत अरबी शिकवायचा.

"खाला, जिभेला काही हाड? भाऊ जिवंत आहे माझा! ही उंट, तर मग तो कोण?"

"ते त्यालाच विचार."

ओढणीआड कुणीतरी फिस्सकन हसलं. शहात लालबुंद झाला.

"उपमेला नियम असतात, खाला. दोन गोष्टींत साम्य लागतं. बाईला गुलाब म्हणायचं असतं. पोरांना रोज शिकवतो मी!"

"मग दाखव की साम्य, उस्ताद! सकाळी मी आंघोळ घातली तिला. मोळ्या वाहून वाहून टाळूवर तळहाताएवढं टक्कल पडलंय. कुठल्या गुलाबाला टक्कल असतं रे?"

शहातनं आवाज खाली आणला. "ओळ बदल. नाहीतर या गावात तुला पुन्हा कुणी बोलावणार नाही."

या गावानं पाठ फिरवली की बाकीची गावंही फिरवणार, हे रतीबाला ठाऊक होतं. तिनं बायकांकडं पाहिलं. सगळ्या माना खाली. तिला त्यांचा असा राग आला! शफीकानं यांतल्या कितीजणींच्या घागरी उचलून दिल्या होत्या!

"नका बोलावू," ती म्हणाली. "मी उंटच म्हणणार."

आणि तिनं तीच ओळ आणखी वरच्या पट्टीत म्हटली.

तेव्हा कोपऱ्यातून खलाफची आई उठली. सत्तरीची, कमरेत वाकलेली. आता ही आपल्याला हाताला धरून बाहेर काढणार, असं रतीबाला वाटलं. शहातलाही तेच वाटलं असावं, कारण त्यानं आईला वाट करून दिली.

"उपमा चुकली तुझी, रतीबा," म्हातारी म्हणाली. "उंट संध्याकाळी खाली तरी बसतो."

आणि दोन्ही गालांवर हात मारून तिनं ओळ उचलली. तिच्यामागून सगळ्या बायकांनी.