खंडेनवमीचा हिरवा रंग

गिअरबॉक्स निवडून देणं आणि ते नीट चालते ठेवणं हा माझा धंदा. भवानी पेठेतलं माझं दुकान छोटं आहे, पण निवडीच्या बाबतीत मी कुणाचं ऐकून घेत नाही. गिऱ्हाईक फक्त मोटारीची ताकद सांगून मोकळं होतं. मी विचारते, माल किती चढणार, झटके किती बसणार, दिवसभरात किती वेळा बंद-चालू करणार? माप त्यावरून ठरतं.

म्हणून वैरागच्या डाळमिलवाल्या काकांचा फोन आला तेव्हा मला रागच आला. त्यांच्या तूर वर चढवणाऱ्या एलिव्हेटरला मी उन्हाळ्यात दिलेला गिअरबॉक्स दसऱ्यापासून तेल गाळत होता. मिस्त्रीनं सील बदललं, तरी गळती थांबेना. डाळीला तेलाचा वास लागला तर व्यापारी पोती परत पाठवणार, आणि नव्या तुरीची आवक तर तोंडावर आलेली. ताईंनी, म्हणजे मी, लहान माप गळ्यात मारलं, आता दुसरीकडून मोठा आणायचा, असं काकांनी ठरवूनही टाकलं होतं. हे तालुकाभर पसरलं असतं तर माझ्या शब्दाला कुणी विचारलं नसतं.

मी येईपर्यंत एकही बोल्ट खोलू नका, एवढंच सांगून निघाले.

मिल चालू होती. गिअरबॉक्सचा आवाज एकसारखा, अंगही फार तापलेलं नाही. माप चुकलं असतं तर तो असा शांत चाललाच नसता. माझा जीव भांड्यात पडला आणि मग रंगाकडे लक्ष गेलं. झगझगीत हिरवा, वर कुंकवाची बोटं. खंडेनवमीला काकांनी स्वतः घासूनपुसून रंगवला होता, तोही इतक्या मायेनं, की डोक्यावरचं ब्रीदरचं बोंडसुद्धा सोडलं नव्हतं. तेल तापलं की आतली हवा फुगते आणि त्या बोंडाच्या बारीक भोकातून निघून जाते. भोकच बुजल्यावर ती तेलाला सीलमधून बाहेर ढकलत होती.

मी मिल बंद करायला लावली. ब्रीदर हळूहळू सैल केला, तशी हवा फुस्सकन बाहेर आली. नवा ब्रीदर बसवला, कमी झालेलं तेल भरलं आणि सीलखाली कागद ठेवून मिल पुन्हा चालू केली. जेवून आलो तरी कागद कोरडाच होता.

चार शब्द सुनावायची माझी पुरती तयारी होती. पण काका जुन्या ब्रीदरकडे बघत हळूच म्हणाले, "पाया पडलो, आन् त्याचंच नाक दाबून धरलं की वो मी."

पुढच्या खंडेनवमीला त्यांनी मला पूजेला बोलावलं. गिअरबॉक्स पुन्हा हिरवागार, ब्रीदर तेवढा कोरा. करमाळ्याहून आलेल्या व्याह्यांना काका सांगत होते, "माप ताईंचं हाय, एकदम बराबर हाय. चुकलो त्यो मी." मला फार बरं वाटलं. मी हार घालायला पुढं झाले, तर त्यांनी कुंकवाचं ताट माझ्याच हातात दिलं.

"तुमीच लावा, ताई. माजा हात लई सैल हाय."