सरांनी बदललेला हात

आमच्या करडी गावच्या तलावात बाबांनी मला पोहायला शिकवलं. शिकवलं म्हणजे पोटाखाली हात धरला आणि एके दिवशी हळूच काढून घेतला. पुढे कॉलेजसाठी भंडाऱ्याला मावशीकडे राहायला आले, तेव्हा तिथल्या पोहण्याच्या टँकवर मुलींना शर्यतीसाठी तयार करणाऱ्या सरांनी मला पाहिलं.

"ही पोरगी पाण्यात घसरते," ते मावशीला म्हणाले. "मले द्या. पन्नास मीटरची बनवतो."

माझा हात, म्हणजे पाण्यात हात मारायची पद्धत, गावचाच होता. कोपर वर, बोटं आधी, खांद्याच्या समोर. प्रत्येक हाताबरोबर अंगही थोडं कुशीवर कलायचं. सरांना तो संथ वाटला. "कोपर वाकवू नको. हात सरळ आण, अंगठा आधी खुपस, डोक्याच्या पुढे मधोमध. अंग हलवू नको, नुसते हात फिरव." वर तळहातांना प्लास्टिकचे मोठे पॅडल बांधले.

वेग आला, हे खरंच. हात भराभर फिरायचे आणि अर्ध्या अंतरापर्यंत माझ्याजवळ कुणी नसायचं. जिल्ह्यात मी पहिली आले. बाबांनी अख्ख्या करडीत पेढे वाटले. शर्यतीच्या दिवसांत मी सरांच्याच घरी जेवायची. त्यांची शाळेत जाणारी मुलगी माझ्या ताटाला ताट लावून बसायची आणि सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "ही माझी मोठी."

मग उजव्या खांद्यात, पुढच्या बाजूला, टोचायला लागलं. आधी पोहून झाल्यावर, मग पोहताना, मग वेणी घालतानाही.

"सर, दुखून राहिलं."

"दुखनारच. ताकद येऊन राहिली."

ताकद कसली, शेवटच्या टप्प्यात हात पाणी पकडेचना. मागच्या मुली पुढे जायला लागल्या. "तुहं मन नाही लागून राहिलं," सर म्हणाले. मलाही ते पटलं. मी पॅडल बांधून आणखी पोहायला लागले.

एका रविवारी टँकवर विसरलेला पोहायचा चष्मा आणायला गेले. टँक बंद होता, पण मागचं दार उघडं. सर कमरेइतक्या पाण्यात उभे होते. त्यांनी आपल्या मुलीचं कोपर धरलं होतं.

"बोटं आधी, बेटा. खांद्याच्या समोर. मधात नको आणू, खांदा चिमटतो. अंग फिरू दे, मग पानी ओढ."

मी काठावर तशीच उभी राहिले. खांदा चिमटतो. म्हणजे त्यांना ठाऊक होतं.

मुलीने मला पाहिलं आणि ती थांबली. सर वळले.

"सर, मले काहून नाही सांगितलं?"

ते वर आले. टॉवेलने तोंड पुसत बराच वेळ घालवला. "हिले अजून लई वर्षं पोहायचं आहे," ते म्हणाले.

"आन् मले?"

"तू आलीच उशिरा. एक-दोन सीझन होते तुह्यापाशी. मग नोकरी, नाही तं लग्न. त्या हाताने मेडल लवकर येते. आलं का नाही?"

"माहे सीझन तुम्ही कोन मोजनारे?"

मुलगी पाण्यात काठ धरून माझ्याकडे बघत होती. चष्मा न घेताच मी निघाले.

नागपूरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी माझा हात वर उचलला आणि अंगठा खाली वळवला, तशी मी ओरडलेच. "असाच टाकत होतीस ना?" त्यांनी विचारलं. त्या स्थितीत हाडांच्या मधली स्नायूची दोरी घासली जाते, सुजते, असं त्यांनी समजावलं. मग कित्येक महिने दाराच्या कडीला रबर बांधून व्यायाम केला. बाबांना एवढंच सांगितलं की अभ्यास वाढला. ते तेव्हाही सरांचं नाव घेऊन गावात कौतुक करत होते.

नंतर मी पाण्यात उतरले ती माझ्या जुन्या हाताने. आता शेवटपर्यंत दम टिकतो, पाणी हातात राहतं. पण पूर्ण जोर लावला की खांदा नको म्हणतो. मी पुन्हा शर्यतीत उतरले नाही. सरांची मुलगी पोहते, जिंकते. तिचा हात फार सुंदर आहे. तिच्यावर माझा राग नाही.

आता तुमसरला नोकरी करते. मागच्या हिवाळ्यात तिथल्या बाजारात सर भेटले. खांद्याचं विचारलं. नव्या मुली चांगल्या आल्यात म्हणाले.

"त्याईले कोनता हात शिकवता?"

"पोरगी पाहून ठरवतो," ते म्हणाले आणि गाडीला किक मारली.

पुढच्या रविवारी मी भंडाऱ्याला गेले. टँकच्या पायऱ्यांवर मुलींच्या आया बसल्या होत्या. त्यांच्यात जाऊन बसले, अंगठा आधी टाकला की दुखणं कुठून सुरू होतं ते स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

मग एकजण म्हणाली, "पन ताई, टाइम तं सुधरून राहिला ना पोरीचा."