सतरा नंबरचा बिल्ला

माझ्या थोरल्या नणंदेला मी घरी वन्सं म्हणते आणि कामावर सगळ्यांसारखी बाई. विमानांची दुरुस्ती होते त्या शेडमध्ये त्या मेकॅनिक, मी अवजारांच्या खिडकीत. आमची रीत अशी, की अवजार न्यायचं तर आपल्या नंबरचा पितळी बिल्ला त्याच्या खिळ्यावर टांगायचा. अवजार परत आलं की बिल्ला परत. आपले सगळे बिल्ले हातात आल्याशिवाय मेकॅनिकने विमान सोडायची सही करायची नाही. वन्संचा नंबर सतरा.

चहाच्या वेळी आमच्याकडे अपघातांशिवाय विषय नसतो. कुठे बस दरीत गेली, कुठे विमान धावपट्टीवरून घसरलं. शेवटी पैलवान नावाचा आमचा जाडजूड हेडमेकॅनिक सुस्कारा टाकायचा, "नशीब एकेकाचं!" की वन्सं भडकल्याच.

"नशिबाच्या नावावर किती खपवाल? कोणीतरी मोजलं नाही, असं म्हणा की! आणि त्याचं नाव लिहा."

ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते. माझेसुद्धा.

एका दुपारी खिडकी आवरताना पाहिलं, तर आरशाच्या खिळ्यावर सतरा नंबर लटकत होता. लांब दांड्याचा तो आरसा, इंजिनाच्या आत डोकवायचा. घाईत वन्संनी न मोजताच सही केली होती, आणि विमान उडून वीस मिनिटं झाली होती. वन्संना बोलावून मी कुजबुजले, "बिल्ला काढते. आरसा फुटला म्हणून नोंद करते. कोणाला कळणार आहे?"

"हात लावून तर बघ!" फोन त्यांनीच उचलला. "कंट्रोल रूम? आत्ता गेलेलं विमान परत बोलवा. माझा आरसा आत राहिलाय."

विमान सुखरूप उतरलं. आरसा इंजिनाच्या झाकणाआड तारांच्या जुडग्यात अडकलेला मिळाला. साहेबांनी वन्संना गोडीने समजावलं, "पक्षी आदळला म्हणून विमान परतलं, असं लिहू. सहीचा अधिकार मिळवायला अठरा वर्षं घालवलीत, बाई. कशाला पायावर धोंडा पाडून घेता?"

"पक्ष्यांनी तुमचं काय घोडं मारलंय? सतरा नंबर लिहा. इतकी वर्षं लोकांची नावं मागितली, आता माझं लपवू?"

सहीचा अधिकार वर्षभरासाठी गेला. वन्संना माझ्याच खिडकीत बसवलं. खोटं कशाला सांगू, मला भयंकर राग आला. एवढा ताठा काय चाटायचाय? दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्या नट आवळायचे पाने मोजत राहिल्या. त्यांनी पक्षी नाकारल्याची गोष्ट मात्र शेडभर झाली.

दोन महिन्यांनी पैलवान धापा टाकत खिडकीशी आला. "बाई, विमान थांबवा! माझी पकड सापडत नाही."

प्रवासी बसलेले होते. तरी वन्संनी फोन फिरवला. चाळीस मिनिटं विमान धुंडाळलं, आणि पकड निघाली पैलवानाच्याच मागच्या खिशात. मी ती खिळ्यावर लावून त्याचा नऊ नंबरचा बिल्ला परत दिला, तोवर साहेब लालबुंद होऊन आले.

"हा उशीर कोणाच्या नावावर लिहू?"

पैलवानाने एकदा वन्संकडे पाहिलं. मग बिल्ला फळीवर आपटला.

"नऊ लिहा, साहेब. आणि पक्षीबिक्षी काही घालू नका."